हातपाय फुगल्याचं प्रमाणपत्र

हातपाय फुगतात की गळतात, एवढ्या एका प्रश्नापायी रायपूरच्या तात्यापारा वस्तीतली एकोणसाठ मराठी माणसं चार दिवस फोनला हात लावत नव्हती आणि एक माणूस दाराची कडी काढत नव्हता. तो एक माणूस म्हणजे नरहरराव मोहरीर. तो प्रश्न त्यांनीच मराठीत आणला होता, तो बरोबर असल्याचं प्रमाणपत्रही त्यांनीच दिलं होतं, आणि प्रमाणपत्राखालची सही तीनदा गिरवलेली असल्यामुळे ती आपली नव्हेच असं म्हणायची सोयही त्यांनी ठेवली नव्हती.

नरहरराव भित्रे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी मसुद्यांच्या नकला मूळ प्रतीशी ताडून पाहण्याचं काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी एकही डाग न लागता ते निवृत्त झाले. डाग न लागण्याचं कारण कर्तबगारी नव्हे, भीती. घरात मात्र तिला खबरदारी म्हणायची पद्धत होती. बाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा पाहायचं, कुलूप तीनदा ओढायचं, कुठेही काही लिहिलं तर त्यावरून पेन तीनदा फिरवायचं, ही खबरदारी. पोटात गोळा येणं, तोंडचं पाणी पळणं, छातीत धस्स होणं, असे भीतीचे जेवढे प्रकार मराठीत आहेत ते सगळे नरहररावांनी अंगावर काढले होते, पण चेहऱ्यावरची रेष कधी हलू दिली नव्हती. आपलं हे गुपित जगात कोणालाच ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता. भित्र्या माणसाला तेवढाच एक आधार असतो.

त्यांची मुलगी निवेदिता उपयोजित मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिने हा विषय घेतला तेव्हाच त्यांना घाम फुटला होता. घरातच माणसं वाचायला बसणारी मुलगी म्हणजे घरातच बसवलेला ऑडिटर. पहिल्या वर्षी तिने सरावासाठी त्यांना शाईचे डाग दाखवले आणि यात काय दिसतं ते सांगा म्हणाली. लोकांना म्हणे त्यात फुलपाखरं दिसतात, अस्वलं दिसतात. नरहररावांना दहाच्या दहा चित्रांत कागद खराब झालेला दिसला आणि नक्कल पुन्हा करावी लागेल एवढंच वाटलं. निवेदिताने ते वहीत टिपून घेतलं. काय टिपलं ते विचारायची हिंमत त्यांना आजपर्यंत झालेली नव्हती.

शेवटच्या वर्षी प्रबंध होता. रायपुरातल्या मराठी ज्येष्ठ नागरिकांची चिंता मोजायची, असं तिच्या मार्गदर्शक नीलिमा मॅडमनी ठरवून दिलं. चिंता मोजण्याची प्रश्नावली चाळीस वाक्यांची आणि हिंदीत होती. प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन होते: कधीच नाही, कधी कधी, पुष्कळदा, नेहमी. नेहमीला तीन गुण, कधीच नाहीला शून्य. पण माणसाला भीती त्याच्या मातृभाषेत विचारली पाहिजे, असा नियम निघाला. तेव्हा आधी मराठी भाषांतर हवं, मग ते मराठी दुसऱ्याच कोणीतरी न बघता पुन्हा हिंदीत न्यायचं, आणि दोन्ही हिंदी जुळली तर भाषांतर पक्कं. जूनअखेर निकाल हाती आला तर पहिल्या जुलैपासून नव्या रायपुरातल्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात निवेदिताची जागा ठरलेली होती. प्रबंध अडकला तर वर्ष गेलं आणि जागाही गेली.

निवेदिता घरात मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. तात्यापाऱ्यातल्या तिच्या वयाच्या सगळ्याच पोट्ट्यापोट्टींचं तसं आहे, त्यात तिचा दोष नाही. "बाबा, आप कर दीजिए ना, आपकी मराठी तो एकदम शुद्ध है," असं ती म्हणाली. हे खरं होतं. गणेशोत्सवातल्या निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून नरहररावच असायचे. एकीकडे अभिमानाने त्यांची मान ताठ झाली आणि दुसरीकडे पोटात गोळा आला, आणि मान आधी ताठ झाल्यामुळे ते हो म्हणून बसले.

तेरा वाक्यं सुरळीत गेली. चौदावं वाक्य होतं, 'मेरे हाथ-पाँव फूल जाते हैं.'

आता याला मराठीत काय म्हणतात हे नरहररावांना ठाऊक होतं. त्यांचे ते रोजच होत असत. मराठीत भीतीने हातपाय गळतात. पण मूळ प्रतीत फुगतात असं होतं. फुगणं आणि गळणं. एकात वस्तू वाढते, दुसऱ्यात ती गळून पडते. उद्या कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं की हा फेरफार कोणाच्या परवानगीने केला, तर? नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाबूने एका नकलेत 'तत्काल' खोडून 'शीघ्र' लिहिलं होतं. त्याच्याकडून खुलासा मागवला, आणि तो सहा वर्षं अभनपुरच्या उपविभागात बसून आला. परत आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. नरहररावांनी ते केस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

त्यांनी लिहिलं, 'माझे हातपाय फुगतात.' आणि तीनदा गिरवलं.

मागून इरावतीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कागदात डोकावून पाहिलं. "अहो, हातपाय फुगतात काय? गळतात म्हणा ना."

"मुळात फुगतात आहे."

"मूळ हिंदीत आहे."

"म्हणूनच," नरहरराव म्हणाले, आणि कप तीनदा सरळ केला.

एकदा फुगवल्यावर पुढचा मार्ग सोपा झाला. 'मैं करवटें बदलता रहता हूँ' याचं 'मी कूस बदलतो' झालं. 'मुझे घर के लोगों की चिंता रहती है' याचं 'मला घरच्यांची काळजी असते' झालं. 'मुझे लगता है मैं आपा खो बैठूँगा' हे वाक्य जरा घट्ट होतं. मराठीत तोल सुटणं म्हणतात, पण तोल हा शब्द मूळ प्रतीत कुठेच नव्हता. शब्दाला शब्द ठेवत ते 'मी स्वतःला हरवून बसेन' इथपर्यंत आले आणि थांबले.

उलट भाषांतराचं काम शेजारच्या धर्मपाल गजभियांकडे गेलं. धर्मपालजी रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. हिंदी मूळ न पाहता त्यांनी चाळीसही वाक्यं चहा निवायच्या आत हिंदीत नेली. हातपाय फुगतात, म्हणजे हाथ-पाँव फूल जाते हैं, त्यात विचार कसला करायचा? नीलिमा मॅडमनी दोन हिंदी प्रती जोडून पाहिल्या तर शब्दाला शब्द जुळला. असं मिलान आपण वीस वर्षांत पाहिलं नाही असं म्हणून त्यांनी वर लाल शाईत 'उत्कृष्ट' लिहिलं. निवेदितानेही मराठी वाचलं होतं. पण तिला त्या मराठीतून पलीकडचं हिंदी आरपार दिसत होतं, त्यामुळे तिच्या कानाला काहीच खटकलं नाही.

मग विद्यापीठाच्या नीतिसमितीला अनुवादकाचं प्रमाणपत्र हवं झालं. पहिलं प्रमाणपत्र परत आलं, कारण त्यात 'तंतोतंत' हा शब्द नव्हता. दुसरं परत आलं, कारण सही निळ्या शाईत नव्हती. तिसऱ्यावर 'अनुवाद मुळाशी तंतोतंत जुळतो, जबाबदारी माझी' असं होतं. हे वाक्य वाचून नरहररावांच्या डोळ्यांपुढे अभनपुर उभं राहिलं. अर्धा तास ते पेन हातात धरून बसले. शेवटी निवेदिता म्हणाली की बाबा, ऑफिस पाच वाजता बंद होतं, तेव्हा त्यांनी सही केली.

एका रविवारी सकाळी महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात प्रश्नावली भरायचं ठरलं. साठ माणसं हवी होती. आधी संमतिपत्रावर सही करायची होती आणि तिथेच पहिली अडचण आली. ब्याऐंशी वर्षांच्या गोदूमावशींनी चष्मा काढून ठेवला आणि निवेदिताला विचारलं, "पोरी, प्रश्न विचारून राहिली का घर लिहून घेऊन राहिली?" त्यांच्या मागच्या दोन रांगांनीही चष्मे काढले. वर्तमानपत्रात रोज छापून येतं, सही दिली की घर गेलं, ओटीपी दिला की सगळंच गेलं. धर्मपालजींनी उभं राहून स्वतः पहिली सही केली तेव्हा कुठे बाकीच्यांनी पेनं उचलली. फोन नंबर लिहिण्यावरून पुन्हा अर्धा तास गेला. नंबर नावासकट निराळ्या यादीत राहील, प्रश्नावलीवर फक्त क्रमांक असेल, तुमच्या जिवाला काही धोका दिसला तरच यादी उघडू, असं निवेदिताने समजावलं. शेवटचं वाक्य तिने म्हणायला नको होतं. पण नियमाने म्हणावं लागतं.

एकमेकांत बोलू नका, असं सांगितलेलं असल्यामुळे सगळे मोठ्याने बोलत होते. कूस बदलता का, यावर धर्मपालजी म्हणाले की जो बदलत नाही त्याले घाटावर नेतेत. सगळ्यांनी 'नेहमी'वर खूण केली. घरच्यांची काळजी असते का, हे वाक्य वाचून तर सभागृहात नाराजीच पसरली. असते का म्हणजे काय? घरच्यांची काळजी नसणारा माणूस बेफिकीर, त्याला कोण मुलगी देईल? 'नेहमी'. चौदाव्या वाक्याशी आल्यावर मात्र सगळ्यांना प्रश्नावलीबद्दल एकदम आपुलकी वाटली. संध्याकाळी चपला घट्ट होतात, हे पोरीला कसं कळलं? कोणाची किडनी, कोणाची साखर, कोणाचं वय. गोदूमावशींनी साडी घोट्यापर्यंत उचलून शेजारणीला पाय दाखवला आणि 'नेहमी'च्या चौकोनात खूण केली. स्वतःला हरवून बसेन असं वाटतं का, यावर सगळ्यांनी शेजारच्याच्या कागदात डोकावून पाहिलं. मग कोणीतरी म्हणालं की नव्या रायपुरात गेल्यावर वाटतं बुवा, सगळे चौक सारखेच. तिथेही नेहमी.

एकोणसाठ कागद गोळा झाले. साठावा माणूस आलाच नाही. निवेदिता रडकुंडीला आली होती, तेव्हा नरहररावांनी साठावा कागद उचलला आणि दाराशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. कागदावर नाव नव्हतं. नाव नसलं तरी तो कागद निवेदिताच्या हातात जाणार होता. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, 'मला कारण नसताना भीती वाटते', आणि मान वर करून सभागृहाकडे पाहिलं. कोणी पाहत नव्हतं. त्यांनी 'कधीच नाही'वर खूण केली. मग चाळीसही वाक्यांना त्यांनी कधीच नाही असंच उत्तर दिलं. कागद गठ्ठ्याच्या मधोमध सरकवून ते पाणी प्यायला निघून गेले.

आठ दिवसांनी निकाल लागला. एकशेवीसपैकी ऐंशीच्या वर गेलं की चिंता अतितीव्र समजतात. साठपैकी एकोणसाठ माणसं ऐंशीच्या वर होती. गोदूमावशींना सत्त्याण्णव मिळाले होते. एक माणूस शून्यावर होता. नीलिमा मॅडमनी आकडे पुन्हा तपासले, मग खिडकी उघडली, मग नियम पाहिला. अतितीव्र माणसाला चोवीस तासांच्या आत समुपदेशन केंद्रातून फोन गेला पाहिजे. नावांची यादी उघडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता केंद्रातल्या चार बायका फोन घेऊन बसल्या.

त्या बायकांनी सगळं नियमाप्रमाणे केलं. त्यांना शिकवलेली वाक्यं त्यांनी म्हटली. आपकी रिपोर्ट गंभीर है. घबराइए मत. फ़ोन मत काटिए. इस समय घर में और कौन है? आता ही चार वाक्यं याच क्रमाने आली की काय समजायचं, हे देशातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मुलांनी पाठ करवून घेतलेलं आहे. हा डिजिटल अरेस्ट, फोनवरच अटक करून पैसे उकळणारी टोळी. तात्यापाऱ्यात साडेदहापर्यंत हाहाकार झाला. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर 'फोन उचलू नका' हा निरोप एकोणसाठ जणांनी एकमेकांना पाठवला. गोदूमावशींनी फोन तांदळाच्या डब्यात पुरला आणि झाकणावर खलबत्ता ठेवला. कमलाबाईंनी, म्हणजे धर्मपालजींच्या पत्नीने, खिडक्या लावून घेतल्या आणि आतूनच शेजारणीला सांगितलं की यांना अटक झाली आहे, पण घरीच आहेत.

धर्मपालजी मात्र गार्ड होते. गाडी अडली की गार्डाने काय करायचं ते त्यांना माहीत होतं. ते फोन घेऊन थेट ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने दरडावण्यासाठी म्हणून त्या नंबरावर स्वतः फोन लावला. पलीकडच्या बाईंनी त्याला शांतपणे विचारलं की तुम्हाला झोप नीट लागते का. हवालदार जरा थांबला. मग खुर्चीत बसला. वीस मिनिटांनी "हव मैडम, हव मैडम" असा होकार देत त्याने फोन ठेवला, डोळे पुसले आणि धर्मपालजींना सांगितलं की नंबर खरा आहे, विद्यापीठाचा आहे, आणि बाई फार चांगल्या आहेत.

बाकीच्यांना हवालदाराचं पटलं नाही, त्यांचे फोन बंदच राहिले, पण धर्मपालजींनी ही सगळी हकीकत दुपारी नरहररावांना सांगितली. मग म्हणाले, "मले त्या बाईनं विचारलं, तुमचे हाथ-पाँव कब फूलते हैं? मी म्हटलं, गाडीत लय वेळ बसलो का. ते चूप झाली. काहून चूप झाली असन?"

नरहररावांना काहून ते कळलं. तिथल्या तिथे कळलं. धर्मपालजींना निरोप देऊन त्यांनी दाराला कडी घातली आणि ती तीनदा ओढून पाहिली.

त्यानंतरचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. बेल वाजली की ते न्हाणीघरात जात. पोस्टमन आला तर कागद उंबऱ्याबाहेरूनच वाचून घ्या असं इरावतीबाईंना सांगत. विद्यापीठात निराळाच गोंधळ चालू होता. एका वस्तीतली जवळजवळ सगळीच माणसं अतितीव्र कशी, आकडे घरी बसून भरले की काय, असं कोणीतरी बोललं होतं. ते निवेदिताच्या कानावर आलं. ती घरी आली ती तडक त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. "बाबा, आपने ठीक से देखा था ना?"

"तंतोतंत," नरहरराव म्हणाले.

आयुष्यात त्यांना पुष्कळ गोष्टींची भीती वाटली होती, पण स्वतःची लाज त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

शनिवारी पत्र आलं. गुरुवारी तोंडी परीक्षा, नागपूरहून बाहेरच्या परीक्षक येणार, अनुवादकाने मूळ प्रमाणपत्रासह हजर राहावं. पत्राची बातमी वस्तीत फुटायला वेळ लागला नाही, आणि सल्ले सुरू झाले. धर्मपालजी म्हणाले की चष्मा विसरलो होतो म्हणा. गोदूमावशींनी निरोप पाठवला की बुधवारपासून आजारी पड, मी करून राहिली तसं. कोणी म्हणालं की भाषांतर मोबाइलने केलं असं सांगा, सध्या सगळा दोष मोबाइलवर घालता येतो. नरहररावांनी प्रत्येक सल्ला कागदावर लिहून घेतला आणि प्रत्येकात पकडले जाण्याची शक्यता किती आहे ते समासात मांडलं. इरावतीबाईंनी तो कागद पाहिला आणि भाजीच्या देठांबरोबर टाकून दिला. खरं काय ते सांगून मोकळे व्हा, एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. हाच एक सल्ला नरहररावांनी लिहून घेतलेला नव्हता.

गुरुवारी नव्या रायपुराच्या त्या रुंद रस्त्यांवरून त्यांची रिक्षा अर्धा तास फिरत राहिली. प्रत्येक चौक सारखा होता. आपण स्वतःला हरवून बसणार असं नरहररावांना खरोखरच वाटू लागलं, आणि भाषांतर इतकं काही चुकलेलं नाही असं वाटून क्षणभर बरंही वाटलं. मग इमारत दिसली आणि ते बरं वाटणं संपलं.

खोलीत नीलिमा मॅडम होत्या, भिंतीशी निवेदिता उभी होती, आणि टेबलामागे नागपूरच्या शर्मिष्ठाबाई. त्यांच्यापुढे साठ कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी नरहररावांना बसायला सांगितलं, प्रमाणपत्र घेतलं, सावकाश वाचलं आणि मराठीत विचारलं, "मोहरीरसाहेब, भीतीने हातपाय गळतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. माणसाला एखादा शब्द माहीत नसू शकतो, त्याचा खुलासा कोणी मागत नाही. पण मग शब्द माहीत नसलेला अनुवादक कोणी निवडला? निवेदिताने. तिने तपासलं का नाही? दोष सरकत सरकत भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीच्या पायाशी जाऊन थांबत होता. चौतीस वर्षं त्यांनी दोष असेच दुसऱ्या टेबलाकडे सरकताना पाहिले होते. आपल्या टेबलावर एकही थांबू दिला नव्हता.

"माहीत होतं," नरहरराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "माझी बायकोही म्हणाली होती. पण मुळात फुगतात होतं. बदललं आणि कोणी विचारलं तर काय, अशी भीती वाटली. मी भित्रा माणूस आहे, बाई. पोरीचा यात काही दोष नाही. आत्ताही दोन्ही हात आणि दोन्ही पाय गळालेले आहेत. फुगलेले नाहीत."

शर्मिष्ठाबाईंनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि गठ्ठ्यातून एक कागद काढला. साठावा. "आणि हे कोण? एकोणसाठ माणसं घाबरलेली आणि या एका माणसाला कशाचीच भीती नाही."

नरहररावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बोलली ती निवेदिता. आणि ती हिंदीत बोलली नाही.

"मॅडम, नाव सांगायचं नसते म्हणून मी चूप होती," ती वडिलांकडे पाहत म्हणाली. "बाबा, सांगू?"

नरहररावांनी मान हलवली.

"तो बाबांचा आहे. मले कागद हातात आला तेव्हाच समजलं. एकेक 'कधीच नाही' तीन-तीनदा गिरवलंय."

शर्मिष्ठाबाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. चाळीस चौकोनांतल्या चाळीस खुणा इतक्या गिरवल्या होत्या की दोन ठिकाणी कागद फाटला होता. मग त्यांनी नीलिमा मॅडमना सांगितलं की भाषांतर दुरुस्त करून हीच साठ माणसं दहा दिवसांत पुन्हा तपासा, आणि या चुकीवर प्रबंधात एक वेगळं प्रकरण लिहा, बाकीच्या प्रबंधापेक्षा ते जास्त वाचलं जाईल. नीलिमा मॅडमनी हो म्हटलं आणि लाल शाईत 'उत्कृष्ट' लिहिलेला कागद हळूच फायलीच्या तळाशी सरकवला.

दुसऱ्या वेळी सगळे आले, पण निकाल काहीही लागला तरी फोन करायचा नाही, असं गोदूमावशींनी लिहून मागितलं. नियमात तसं बसत नव्हतं, म्हणून तोंडी कबूल करून घेतलं. या वेळी हातपाय गळत होते, कूस बदलण्याऐवजी डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि काळजी जीव खात होती. तात्यापाऱ्यातली बहुतेक माणसं ठणठणीत निघाली. गोदूमावशींचे सत्त्याण्णवावरून एकोणीस झाले. त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि कुठेतरी मोजण्यात चूक झाली असली पाहिजे असं आठवडाभर सांगत राहिल्या. ऐंशीच्या वर एकच कागद होता. अठ्ठ्याऐंशी. त्यावरची प्रत्येक खूण एकदाच केलेली होती, आणि प्रत्येक खुणेशेजारी शाईचा एक बारीक ठिपका होता. पेन पुन्हा टेकवून कोणीतरी महाप्रयासाने उचललं होतं.

कबूल केल्याप्रमाणे फोन कोणालाच गेला नाही, आणि प्रबंध पास झाला. पहिल्या जुलैला निवेदिता डबा घेऊन कामावर गेली. दुपारी इरावतीबाई भाजी आणायला गेल्या असताना फोन वाजला. नंबर अनोळखी होता. नरहररावांनी तो चार वेळा वाजू दिला आणि पाचव्या वेळी उचलला.

"नमस्कार, मी समुपदेशन केंद्रातून बोलून राहिली," पलीकडून आवाज आला. "तुमचा रिपोर्ट जरा गंभीर आहे. घाबरू नका. फोन ठेवू नका. नियमानं मले घरच्या माणसाची तपासणी करता येत नाही, दुसऱ्या मॅडम करतील. मी फक्त वेळ द्यायले फोन केला. बुधवारी अकरा वाजता जमन का?"

"कशावरून तुम्ही केंद्रातूनच बोलताय?" नरहररावांनी विचारलं. आवाज त्यांनी केव्हाच ओळखला होता, पण खबरदारी ती खबरदारी.

"कशावरून म्हणजे, आत्ता तुम्ही गॅसचं बटण तीनदा पाहून आलात."

नरहररावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "दोनदाच," ते म्हणाले. "तेवढ्यात फोन वाजला."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग निवेदिता म्हणाली, "मग जाऊन या, बाबा. मी थांबते."

ते उठले. फोन कानाला धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तिथून बटण दिसत नव्हतं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "बुधवारी अकरा. लिहून घे."